खनिजाचा पैसा माणसांत कसा मुरवायचा? तेल, तांबं, हिऱ्यांवरचे देश आणि आपला कोळसापट्टा

विभाग: अर्थकारण / नागपूर कट्टा

भूस्तर (धागाकर्ता)

वेकोलि (कोळसा काढणारी वेस्टर्न कोलफील्ड्स), मॉइल (मॅंगनीज काढणारी सरकारी कंपनी) आणि भारतीय खाण ब्यूरो या तिघांचीही मुख्यालयं नागपुरात आहेत. जमिनीतून काय आणि कसं काढायचं याचं ज्ञान या शहरात भरपूर. काढून विकल्यावर आलेल्या पैशाचं काय करायचं, हा विषय मात्र चहाच्या टपरीपलीकडे जात नाही. म्हणून हा धागा. चर्चा देशांची करू, कारण प्रयोग तिथे झालेत आणि त्यांचे निकालही हाती आहेत. चंद्रपूर, उमरेड, सावनेर मध्ये मध्ये येतीलच.

आधी हिशेब. कोळसा किंवा तेल विकून येतो तो पैसा म्हणजे वावर विकल्याचा पैसा. वावर विकून लग्न लावलं की त्या वर्षी घर श्रीमंत दिसतं. देशाच्या जीडीपीतही हेच होतं. खाणीतून माल निघाला की आकडा वाढतो, जमिनीतला साठा घटल्याची नोंद त्यात कुठेच नसते. जॉन हार्टविक या अर्थशास्त्रज्ञाने १९७७ मध्ये यावर सरळ नियम मांडला: संपणाऱ्या साठ्यातून जो जादा नफा मिळतो तो खाऊन टाकायचा नाही, तेवढ्याच मोलाची दुसरी मत्ता उभी करायची. मग ती यंत्रं असोत, रोखे असोत, नाहीतर माणसाचं शिक्षण आणि आरोग्य.

जागतिक बँक याच विचाराने 'समायोजित निव्वळ बचत' काढते. देशाची एकूण बचत घ्यायची, यंत्रं-इमारतींची झीज वजा करायची, शिक्षणावरचा चालू खर्च मिळवायचा, मग त्या वर्षी संपलेलं इंधन, खनिज, जंगल आणि प्रदूषणाचं नुकसान वजा करायचं. उत्तर वर्षानुवर्षं उणे येत असेल तर समजायचं, वावर विकून जेवण चाललंय. या हिशेबात मास्तरचा पगार बचतीत धरला जातो, हे ध्यानात ठेवा. खाली यावर भांडण होणार आहे.

माझं मत आधीच सांगून टाकतो. पैसा कमी पडला म्हणून अडकलेले खनिज-देश थोडे. बहुतेक अडकले ते क्रम चुकल्याने.

---

आकडेमोड

नॉर्वेचं नाव निघालं की सगळे थेट तेलाचा पैसा साठवणाऱ्या त्यांच्या फंडावर उडी मारतात, म्हणून तेच आधी घेतो. एकोफिस्कचं तेल सापडलं १९६९ च्या शेवटी. फंडाचा कायदा १९९० चा आणि त्यात पहिला पैसा पडला १९९६ मध्ये. मधली पंचवीसेक वर्षं काय केलं, तो खरा अभ्यासाचा भाग.

१९७२ मध्ये त्यांनी तीन कामं तीन ठिकाणी वाटली. धंदा स्टॅटऑइल या सरकारी कंपनीकडे, तांत्रिक देखरेख स्टाव्हांगरच्या पेट्रोलियम संचालनालयाकडे आणि धोरण मंत्रालयाकडे. कंपनीने दिलेला साठ्याचा आकडा बरोबर की फुगवलेला, हे तपासू शकणारी माणसं सरकारच्या पगारावर होती. सुरुवातीला ही माणसंही हाताच्या बोटांवर मोजण्याइतकीच. इराकी भूगर्भशास्त्रज्ञ फारूक अल-कासिम १९६८ मध्ये ऑस्लोला पोचले आणि तेल धोरण आखणाऱ्या मूळ मंडळींत जाऊन बसले. ज्ञान बाहेरून घ्यायला त्यांना कमीपणा वाटला नाही.

दुसरं काम तेलक्षेत्रांच्या परवान्यांतून केलं. १९७० च्या दशकाच्या शेवटी परदेशी कंपन्यांना सांगितलं गेलं की क्षेत्र विकसित करायला जे संशोधन लागेल त्यातलं निदान निम्मं नॉर्वेतल्या संस्थांत करा, पुढचे परवाने देताना ते पाहिलं जाईल. त्यातून ट्रॉन्डहाइमच्या तंत्रविद्यापीठाला आणि शेजारच्या सिंटेफ या संशोधन संस्थेला खरे प्रश्न मिळाले. खोल पाण्यातला नळ, वायू-तेल-पाणी एकत्र वाहणारी वाहिनी, असले. प्राध्यापकाला खरा प्रश्न आणि विद्यार्थ्याला पुढची नोकरी एकाच करारातून मिळाली. शिवाय जहाजबांधणीचं कसब त्यांच्याकडे आधीच होतं. तेच वेल्डर, तेच नकाशे काढणारे तेलाच्या फलाटांकडे वळले.

मग २००१ चा नियम: सरकारने फंडातून वर्षाला सरासरी ४% इतकंच काढायचं. २०१७ मध्ये ते ३% केलं. फंडाचा पैसा फक्त परदेशात गुंतवतात, देशात नाही. यामागचं कारण कुणी विचारलं तर सांगतो.

---

तर्रीबाज

विचारतो ना भौ. आपला पैसा आपल्याच देशात काहून नाही गुंतवाचा? अन् ते 'डच रोग, डच रोग' म्हणतात ते काय आहे? आपल्याले सोप्या भाषेत सांगा.

---

भूस्तर

@तर्रीबाज, दोन्ही प्रश्न एकच आहेत. १९५९ मध्ये हॉलंडात ग्रोनिंगेनला वायूचा प्रचंड साठा सापडला. वायू विकून परकी चलन आलं, त्यांचं चलन गिल्डर महाग झालं आणि त्यांचे बाकीचे कारखाने परदेशात माल विकू शकेनात. १९७७ मध्ये एका ब्रिटिश साप्ताहिकाने त्याला 'डच रोग' म्हटलं, तेच नाव चिकटलं.

यात दोन वाटा असतात. पहिली चलनाची, ती वर आली. दुसरी मजुरीची, ती आपल्या ओळखीची आहे. खाणीत डंपर चालवायला जास्त रोजी मिळते, म्हणून फॅब्रिकेशनच्या शेडला, शेताला, आयटीआयच्या वर्गाला माणूस मिळत नाही. घरभाडं, जमीन, जेवणाचा डबा सगळं महागतं. चंद्रपूरला स्वतःचं चलन नाही, पण दुसरी वाट जिल्ह्यालाही लागू पडते. दहावीनंतर लगेच खाणीच्या ठेकेदाराकडे बरी रोजी मिळत असेल तर बारावीचा खर्च कशाला, हा पोराचा हिशेब चुकीचा नसतो. खाण बंद झाली की चुकतो.

नॉर्वे पैसा बाहेर ठेवतं तो यासाठी. जेवढा पैसा देशातली माणसं, शाळा, ठेकेदार पचवू शकतात तेवढाच आत सोडायचा.

---

वर्धाकाठ

पचवण्याचा मुद्दा निघाला म्हणून इंडोनेशिया आणि नायजेरिया शेजारी शेजारी ठेवून पाहा. दोघांनाही १९७३ नंतर तेलाचा पैसा एकदम मिळाला आणि दोघांनीही प्राथमिक शाळेवर लावला. निकाल मात्र फार वेगळे.

इंडोनेशियाने १९७३-७४ ते १९७८-७९ या काळात ६१,००० हून जास्त प्राथमिक शाळा बांधल्या. वाटपाचं सूत्र महत्त्वाचं: १९७२ मध्ये जिथे शाळेबाहेरची मुलं जास्त, तिथे शाळा जास्त. आमदारांच्या मागण्यांची यादी नव्हती ती. अर्थशास्त्रज्ञ एस्थर डुफ्लो यांनी २००१ मध्ये याचा अभ्यास छापला. दर हजार मुलांमागे एक शाळा वाढली की त्या मुलांचं शिक्षण सरासरी ०.१२ ते ०.१९ वर्षांनी आणि पुढे मोठेपणीची मजुरी १.५ ते २.७ टक्क्यांनी वाढली. आकडे लहान दिसतात, पण हे एका शाळेमागचं आणि आयुष्यभराचं आहे. सोबत खत आणि भाताच्या वाणांवर पैसा लावला होता, त्यामुळे खेड्यातली मजुरीही सावरून धरली गेली.

नायजेरियाने १९७६ मध्ये सार्वत्रिक प्राथमिक शिक्षण जाहीर केलं. अंदाजापेक्षा कितीतरी जास्त मुलं दारात उभी राहिली आणि वर्गात शिकवायला प्रशिक्षित शिक्षक नव्हते. शिक्षक घडवायला दोन-तीन वर्षं लागतात, घोषणा करायला एक सभा. पुढे तेलाचा भाव पडल्यावर केंद्राचा वाटा आटला आणि पगार थकले.

खनिजाचा पैसा असलेल्या प्रत्येक ठिकाणी हीच चूक होते. इमारतीचा खर्च एकदाच, ती चालवायचा खर्च दरवर्षी. समजा शाळेची इमारत १ कोटीची. सहा शिक्षक, महिना ५०,००० धरले तरी वर्षाला ३६ लाख. वीज, दुरुस्ती, आहार वेगळे. म्हणजे तीन वर्षांत पगार इमारतीच्या पुढे जातो. पण कोनशिलेवर नाव इमारतीचं लागतं, पगाराचं लागत नाही. त्यामुळे पैसा भिंतीत जातो. बांधण्याआधी एकच कागद मागायचा: पुढची १५ वर्षं हिचा चालू खर्च कोणत्या खात्यातून? उत्तर नसेल तर बांधू नका.

---

आकडेमोड

+१. आणि तो चालू खर्च खनिजाच्या भावाबरोबर वरखाली होऊ नये, यासाठी चिलीने एक युक्ती काढली. २००१ पासून ते अंदाजपत्रक तांब्याच्या आजच्या भावावर बेतत नाहीत. बाहेरच्या तज्ज्ञांच्या समितीने दीर्घकाळाचा जो भाव ठरवला, तो धरतात. बाजारभाव त्याच्या वर गेला तर वरचा पैसा बाजूला, खाली आला तर तिथूनच भर. २००७ मध्ये यासाठी वेगळा स्थिरीकरण निधी झाला आणि २००९ च्या मंदीत तो खरोखर वापरला गेला. शाळेचा पगार तांब्याला बांधलेला नसेल तरच मास्तर टिकतो.

अर्थात तेवढ्याने भागलं नाही. २००६ मध्ये तांबं तेजीत असतानाच शाळकरी पोरं लाखोंनी रस्त्यावर उतरली, कारण शाळांचा दर्जा घरच्या ऐपतीप्रमाणे. तिजोरी शिस्तीत असली म्हणजे वर्गात शिकवलं जातंच असं नाही.

---

गोंडवन

दर्जावरून फिनलंड. हा देश लाकूड आणि कागदावर जगत होता हे लोक विसरतात, सगळ्यांना फक्त मोबाइल आठवतो. त्यांनी सगळ्या मुलांसाठी एकच नऊ वर्षांची शाळा १९७२ मध्ये सुरू केली ती उत्तरेकडून, लॅपलंडपासून. राजधानीच्या भागात ती १९७७ ला पोचली, सगळ्यात शेवटी. कारण साधं. जिथे आधीची व्यवस्था नाही, तिथे नवीन व्यवस्थेला विरोध नाही आणि फायदा सगळ्यात जास्त. आपल्याकडे नवी योजना आधी नागपूर शहरात, मग जिल्ह्याच्या गावी, आणि भामरागडला पोचेपर्यंत तिचं नाव बदललेलं असतं.

दुसरी पायरी: १९७९ पासून प्राथमिकच्या शिक्षकालाही एमए पातळीची पदवी. क्रम पाहा. आधी शाळा सगळीकडे, मग शिक्षकाची पातळी, आणि संशोधनाचा मोठा पैसा त्याच्याही नंतर. सिट्रा हा सरकारी नवोपक्रम निधी १९६७ चा असला, तरी संशोधनाला पैसा देणारी टेकेस ही संस्था १९८३ ची. १९९० च्या दशकातल्या जबर मंदीत बाकी खर्च कापला, तरी संशोधनाचा वाढवला. तो पैसा पचला, कारण खाली वीस वर्षांची शाळा उभी होती.

भाषेचाही मुद्दा आहे. माडिया किंवा गोंडी बोलणारं मूल पहिलीत मराठी पुस्तक उघडतं तेव्हा त्याची पहिली दोन वर्षं भाषा उमगण्यातच जातात. खनिज बहुतेक वेळा अशाच भागात सापडतं, इथेही आणि बाहेरही. त्या मुलांचे पहिले तीन वर्ग त्यांच्या भाषेतून चालवणारे शिक्षक हवेत. हा खर्च कोणत्याच 'ज्ञानाधारित अर्थव्यवस्थे'च्या आराखड्यात मला ठळक दिसत नाही. संगणक कक्ष मात्र दिसतो.

---

तर्रीबाज

बाप्पा! एवढ्या भानगडी करण्यापेक्षा सरळ लोकाइच्या खात्यात पैसे टाका ना. ज्याचं त्यानं पाहून घेईल.

---

वर्धाकाठ

@तर्रीबाज, करून झालंय. अलास्काने १९७६ ला फंड काढला आणि १९८२ पासून दरवर्षी माणशी लाभांश देतात. तो चालला, कारण आधी मुद्दल जमू दिलं, मग परताव्यातून वाटलं.

मंगोलियाने उलटं केलं. २००८ च्या निवडणुकीत पक्षांनी माणशी दहा-पंधरा लाख तुग्रिकची (तिथलं चलन) बोली लावली. २००९ मध्ये 'मानव विकास निधी' स्थापन झाला, नाव बघा किती छान. ओयू तोलगोई या मोठ्या खाणीतलं तांबं अजून निघायचं होतं. २०१० पासून वाटप सुरू झालं, पुढे ते दरमहा २१,००० तुग्रिकवर गेलं. खनिजाचा पैसा पुरेना म्हणून कर्ज काढलं, महागाई भडकली आणि २०१२ मध्ये सरसकट वाटप थांबलं. पुढे फक्त मुलांसाठीचा भत्ता राहिला. ज्या निधीने माणसं घडवायची, तो माणसं घडायच्या आधीच कर्जात गेला.

नाउरूही आठवा. फॉस्फेटवर एकेकाळी माणशी जगातल्या सगळ्यात श्रीमंतांत गणलं जाणारं बेट. त्यांचा ट्रस्टचा पैसा हॉटेलं, इमारती आणि लंडनमधल्या एका संगीतनाटकातही गेला. नाटक पडलं.

---

आकडेमोड

बोत्स्वानाबद्दल कुणीच बोललं नाही, आश्चर्य आहे. १९६६ मध्ये स्वतंत्र झाला तेव्हा देशात १२ किलोमीटर पक्का रस्ता, २२ पदवीधर आणि माध्यमिक पूर्ण केलेले शंभरेक लोक. पुढच्याच वर्षी ओरापाला हिरे सापडले. सरकारने डी बिअर्स या हिरे कंपनीशी घासाघीस करून खाण कंपनीतला आपला हिस्सा १५% वरून ५०% वर नेला.

त्यांचा अंदाजपत्रकाचा नियम आपल्या कामाचा आहे. एक भागाकार: वर शिक्षण-आरोग्य सोडून सरकारचा चालू खर्च, खाली खनिज सोडून सरकारचं चालू उत्पन्न. उत्तर १ च्या आत हवं. म्हणजे नोकरशाहीचा पगार करातून भागवा, हिऱ्याचा पैसा फक्त बांधकाम, शिक्षण आणि आरोग्यावर लावा. पाचवी पास माणसालाही कळेल असा नियम, म्हणूनच तो बराच काळ टिकला.

भोकं दोन. शिक्षण-आरोग्य 'गुंतवणूक' ठरल्यावर त्यातलं काहीही गुंतवणूक ठरतं. मूल शिकलं नाही तरी पगार बचतीतच मोजला जातो. (वर भूस्तर यांनी हाच मुद्दा पेरून ठेवला होता.) यावर उतारा म्हणजे वर्षं न मोजता शिकणं मोजा. जागतिक बँकेच्या मानवी भांडवल निर्देशांकात शाळेची अपेक्षित वर्षं गुणिले चाचणीचे गुण भागिले ६२५ (उत्तम पातळीचे गुण), असं करतात. मूल १२ वर्षं शाळेत जातं आणि गुण ४०० असतील, तर खरी वर्षं ७.७. उरलेली चार वर्षं बाकावर बसण्याची.

दुसरं भोक, पुढची पायरी सापडेना. कच्च्या हिऱ्यांची वर्गवारी आणि विक्री २०१३ पर्यंत लंडनहून गॅबरोनला आणली, पण पैलू पाडायची मजुरी सुरतेपेक्षा बरीच जास्त पडते. आता प्रयोगशाळेतल्या हिऱ्यांनी भाव पाडल्यावर सगळं अंदाजपत्रक हललंय. आणि एचआयव्हीने मधल्या काळात सरासरी आयुष्यच खाली ओढलं. २००२ मध्ये त्यांनी सरकारी खर्चाने औषधं द्यायला सुरुवात केली, आफ्रिकेत असं करणारे पहिले. हिऱ्यांच्या पैशाची गंगाजळी नसती तर देश उभा राहिला नसता.

---

पानफुटी

विद्यार्थी बाहेर पाठवण्याच्या योजनांबद्दल थोडक्यात. कझाकस्तानची बोलाशाक शिष्यवृत्ती १९९३ पासून आहे. घर किंवा जमीन तारण ठेवायची, शिकून परत यायचं, देशात पाच वर्षं काम करायचं. तारणामुळे बहुतेक जण परत आले. गरीब घरचं पोर मात्र तारण काय ठेवणार, हा प्रश्न राहिलाच. चिलीने २००८ मध्ये तांब्याच्या पैशातून बेकास चिली ही शिष्यवृत्ती सुरू केली. पीएचडी होऊन लोक परतले तर विद्यापीठांत जागाच नव्हत्या. सौदीने २००५ पासून लाखभर पोरं बाहेर पाठवली. तिथे अडचण वेगळी, सरकारी नोकरीचा पगार खासगीपेक्षा इतका बरा की शिकलेला माणूस तिकडेच रांग लावतो. पाठवण्याआधी परतल्यावर बसायची खुर्ची तयार ठेवा, एवढंच.

---

तर्रीबाज

हे तं आपलंच झालं. व्हीएनआयटीतून पोट्टे निघतात अन् डायरेक्ट पुण्याले, बंगलोरले. इथं ठेवाले काय आहे त्याइले?

---

भूस्तर

@तर्रीबाज, हाच तो नेमका प्रश्न. शिकलेल्याला ठेवायला मागणी लागते, आणि खनिज-देशात ती बहुतेक वेळा त्याच खनिजाच्या आजूबाजूला सापडते. चिप बनवायला धावून फायदा नाही.

यात माझं आवडतं उदाहरण मलेशिया. कथिल आणि रबरावरचा देश पाम तेलाकडे वळला. १९७९ मध्ये त्यांनी पाम तेल संशोधन संस्था काढली आणि तिचा खर्च दर टन तेलामागे उपकर लावून भागवला. म्हणजे उद्योग वाढला की प्रयोगशाळाही वाढणार, मंत्र्याच्या मर्जीचा संबंध नाही. १९८१ मध्ये कॅमेरूनहून एक सोंडकिडा आणून मळ्यांत सोडला. त्याआधी परागीभवन माणसं हाताने करत. एका किड्याने ती मजुरी वाचवली आणि फळ वाढवलं. त्या जोडीला कच्च्या तेलाच्या निर्यातीवर शुद्ध तेलापेक्षा जास्त कर ठेवला, त्यामुळे रिफायनऱ्या देशात आल्या, आणि रिफायनरीत रसायनाची माणसं लागतात.

त्यांच्याच पेनांगमध्ये १९८९ ला कौशल्य केंद्र काढलं, ते कारखान्यांनी मिळून चालवलेलं. यंत्र कंपनीचं, शिकवणारा कंपनीचा, अभ्यासक्रम कंपन्या ठरवतात, सरकार जागा आणि थोडा पैसा देतं. 'मी शिकवलेला माणूस शेजारचा पळवतो' ही प्रत्येक कारखानदाराची रड. १९९३ पासून त्यावर उपाय म्हणून पगारखर्चाच्या १% वर्गणी सक्तीची केली. कामगार शिकवलात तर त्यातून परत मिळणार, नाही शिकवलंत तर गेली. म्हणून सगळ्यांनीच शिकवायला सुरुवात केली.

आता इथलं पाहा. कोराडी, खापरखेडा, चंद्रपूरच्या वीजकेंद्रांची राख, बंद खाणीत साचलेलं पाणी, ओपनकास्टची (उघड्या खाणीची) धूळ, मॅंगनीजचं हलक्या प्रतीचं अयस्क. हे सगळे पैसे देऊन सोडवून घ्यायचे प्रश्न आहेत. नीरी ही पर्यावरण संशोधन संस्था १९५८ पासून नागपुरात आहे, ॲल्युमिनियमचं संशोधन केंद्र १९८९ पासून. टनामागे ठरलेला पैसा आणि त्याबरोबर ठरलेला प्रश्न, ही जोडी जमली तर पाच-पन्नास पोरं तरी पुण्याची गाडी सोडतील.

---

गोंडवन

पैशाचं बोलायचं तर जिल्हा खनिज प्रतिष्ठान आहेच की, खाणबाधित भागासाठी खाणींकडून जमा होणारा जिल्ह्याचा निधी. त्यातले ६०% शिक्षण, आरोग्य, पाणी वगैरेंना द्यावेच लागतात.

---

आकडेमोड

@गोंडवन, दुरुस्ती. ६०% हे २०१५ च्या योजनेत होतं. २०२४ च्या नव्या मार्गदर्शक सूचनांत ते किमान ७०% केलंय. थेट बाधित क्षेत्र खाणीपासून १५ किलोमीटर, अप्रत्यक्ष २५ किलोमीटर. पायाभूत पाहणी करून पाच वर्षांचा आराखडा करायचा असतो.

पैसा किती येतो ते मोजू. कोळशावर रॉयल्टी किमतीच्या १४%. लिलावाशिवाय दिलेल्या खाणीला त्या रॉयल्टीच्या ३०% आणखी प्रतिष्ठानात भरावे लागतात, लिलावाच्या खाणीला १०%. टनाचा भाव २,००० रुपये धरा. रॉयल्टी २८०, प्रतिष्ठानाचा वाटा ८४ रुपये. वर्षाला २० लाख टन काढणारी एक खाण धरली तर १६ कोटी ८० लाख.

आता कमी चर्चेतली तरतूद. वर्षाला १० कोटी किंवा जास्त जमा होणाऱ्या जिल्ह्यांना जमेच्या १०% पर्यंत अक्षय निधी म्हणून ठेवता येतो, खाण संपल्यावर त्या भागातल्या उपजीविकेसाठी. वरच्या खाणीचे १०% म्हणजे १ कोटी ६८ लाख. १५ वर्षं दरवर्षी ठेवले आणि ७% व्याज धरलं तर सुमारे ४२ कोटी होतात. पण नॉर्वेचे ३% इथे डोळे मिटून लावू नका. त्यांचा ३% हा महागाई वजा करून अपेक्षित परतावा आहे. आपल्या ठेवीवर ७% मिळाले आणि महागाई ५% असेल, तर मुद्दल न खाता काढता येतात फक्त २%. ४२ कोटींवर ८४ लाख. वर्षाला सहा लाखांच्या हिशेबाने १४ शिक्षक. एवढाच जीव आहे त्यात. म्हणून निधी हा आधार, योजना नव्हे.

---

वर्धाकाठ

आणि खाण बंद होते तेव्हाची तयारी? हॉलंडच्या लिंबुर्गात १७ डिसेंबर १९६५ ला मंत्र्याने जाहीर केलं की कोळसाखाणी बंद करणार. शेवटची १९७४ ला बंद झाली. नऊ वर्षं मिळाली. सरकारी खाण कंपनी डीएसएम कोकचा वायू वापरून आधीपासूनच खतं-रसायनं करत होती, ती पूर्ण तिकडे वळली. सरकारने आपली काही कार्यालयं हेग परिसरातून तिथे हलवली, सांख्यिकी खात्याचा मोठा भागसुद्धा. १९७६ मध्ये मास्ट्रिख्टला विद्यापीठ. तरीही पहिली पंधरा-वीस वर्षं बेकारी देशाच्या सरासरीपेक्षा वर होती, कारण ४५ वर्षांच्या खाणकामगाराला विद्यापीठ उपयोगाचं नसतं. विद्यापीठ त्याच्या पोरासाठी.

जर्मनीच्या ऱ्हुरमध्ये बोखुमचं विद्यापीठ १९६५ ला सुरू झालं, खाणी अजून चालू असताना. शेवटची दगडी कोळशाची खाण २०१८ च्या डिसेंबरमध्ये बंद झाली. मध्ये ५३ वर्षं. आणि खाणींतलं पाणी कायम उपसत राहायचा खर्च भागवायला २००७ मध्ये वेगळं प्रतिष्ठान नेमलंय. उपसा थांबला तर वस्त्या बुडतील, जमीन तेवढी खचलीय. आपल्या भूमिगत खाणींच्या बाबतीत हा खर्च कुणाच्या खात्यावर आहे, हे बंद करण्याच्या आराखड्यात आधी वाचायचं.

---

पानफुटी

त्या ४५ वर्षांच्या माणसासाठी काय करता येईल, ते जरा बारकाईने. त्याच्याकडे कागद असतो तो खाणसुरक्षा महासंचालनालयाचा: सिरदार, ओव्हरमन (पाळीवरचे पर्यवेक्षक), शॉटफायरर (सुरुंग उडवणारा). खाणीबाहेर त्याची किंमत जवळपास शून्य. पण हातातलं कसब तसं नाही. ते वेगळं काढून त्याला बाहेर चालणारा कागद द्यायचा:

शोव्हेल-डंपरचा मेकॅनिक: हायड्रॉलिक्स आणि डिझेल इंजिन. महिन्या-दोन महिन्यांचा पूरक वर्ग, मग रस्ते-बांधकामाच्या यंत्रांवर.
३.३ केव्हीवर काम केलेला इलेक्ट्रिशियन: सोलर प्रकल्प, उपकेंद्र. सुपरवायझरचा परवाना आधी काढून घ्यायचा.
सर्व्हेअर: टोटल स्टेशन हे मोजणीचं यंत्र येतंच, ड्रोन-मोजणी शिकवायची.
सिरदार: पंधरा-वीस माणसांची पाळी सांभाळतो, छत आणि वायू तपासतो. हा सुरक्षा-पर्यवेक्षक होऊ शकतो, पण अहवाल लिहायची सवय नसते. तीच शिकवायची, बाकी काही नाही.

हे खाण बंद व्हायच्या तीन वर्षं आधी, पाळी सांभाळून, पगार चालू असताना. बंद झाल्यावर वर्ग काढला तर माणूस येतो तो भत्त्यासाठी. ठेकेदाराकडचे कामगार यादीत घ्यायला विसरतात, ओपनकास्टमध्ये तर निम्म्याहून जास्त काम त्यांच्याच हातून होतं. त्यांची हजेरी-वही ठेकेदाराकडे असते, म्हणून पहिलं काम ती वही मिळवणं.

---

तर्रीबाज

सिरदारले अहवाल लिहाले शिकवाचं, हे पटलं. तो वर्ग मराठीतून होईल का हिंदीतून? खाणीतले अर्धे लोकं तिकडचे आहेत न.

---

पानफुटी

बोलणं हिंदीत, लिहिणं ज्याला जे येतं त्यात. अहवालाचा नमुना एक पानाचा ठेवायचा: तारीख, पाळी, जागा, काय दिसलं, काय केलं, कुणाला कळवलं. सहा रकाने. पहिले पंधरा दिवस फक्त तेच भरून घ्यायचे, रोज, पाळी संपल्यावर.